न बोललेला दगड

बिबवेवाडीतल्या आमच्या लॅबमध्ये दगड दाबून फोडायची प्रेस आमचे जुने ऑपरेटर चालवतात. दगड फुटला असं कधी म्हणत नाहीत, ‘बोलला’ म्हणतात. प्रेस सुरू झाली की दुपारच्या पिवळ्या उन्हात डोळे मिटून असे बसतात, की लांबचं गाणं ऐकतायत वाटावं.

मुरमाड, ठिसूळ दगड कापतानाच चुरतात, म्हणून न फोडताच त्यांची ताकद सांगणारं मॉडेल मी कॉम्प्युटरवर बनवलं. दगडाच्या कोणत्या गुणामुळे उत्तर आलं, तेही मॉडेल स्क्रीनवर पट्ट्या काढून दाखवतं; ज्या गुणाचा वाटा मोठा, त्याची पट्टी लांब. परवा वस्तीमागच्या टेकडीतल्या एका तांबड्या तुकड्याला त्याने ‘मजबूत’ ठरवलं. मी कौतुकाने त्यांना स्क्रीन दाखवली.

‘पाणी शोषण: ०’ लिहिलेल्या सगळ्यात लांब पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं. “अहो मॅडम, पाणी शोषतो शून्य?”

तुकडा त्यांनी जिभेला लावला. तो चिकटून बसला.

“तहानलेलाय हा.”

मला आठवलं, या तुकड्याचं शोषण मोजलंच नव्हतं, तो रकाना रिकामा होता. शून्य मीच भरलं होतं.

त्यांनी तुकडा भिजवून प्रेसमध्ये ठेवला, प्रेस सुरू केली आणि डोळे मिटले. मीही मिटले. आवाज आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा तिथे नुसता तांबडा चिखल होता.

“तुमचा मजबूत,” ते हळूच म्हणाले, “न बोलताच गेला.”