अकरा पावलं

"हात सोडा."

एवढंच म्हणून ती समोर रस्त्याकडे बघत बसायची. गाडी चाळीसच्या काट्यावर, पुढे वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे जाणारा सरळ रस्ता, आणि शेजारी बसलेली लुगड्यातली ही बाई ड्रायव्हरला सांगते आहे की स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर घे आणि ब्रेकवर उभा राहा. भल्याभल्यांना घाम फुटायचा. एका ट्रकवाल्याने तर तिला हात जोडले. ती म्हणाली, "जोडलेले बी चालतील. फकस्त वर घ्या."

गाडी थांबली की ती खाली उतरायची. मागे रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवलेली असे. ब्रेक बरोबर त्या विटेपाशी दाबायचा. मग विटेपासून गाडीपर्यंत ती पावलं टाकत यायची, तोंडाने मोजत. लहान गाडीला अकरा, भरलेल्या ट्रकला अठरा. एक जरी जास्त झालं तरी गाडी परत दुकानात.

गंमत म्हणजे तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यात तिने कधी स्टिअरिंग धरलं नाही. नवरा ब्रेकचा मिस्त्री. एकदा जॅक सरकला, त्याची कंबर गेली आणि तो दुकानापुढच्या बाजेवर आडवा झाला. तेव्हापासून हिने हातोडी घेतली. ब्रेकला लायनर ठोकणं, पाइप बदलणं, ऑइल भरणं, सगळं. नवरा बाजेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मी सांगतो, ती करती." ती आतून ऐकायची आणि तिला पाहिजे तसंच करायची. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणत. मिस्त्री म्हणायला कुणाची जीभ वळत नव्हती. त्यात मीही आलो.

मी तेव्हा जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत होतो. कागदोपत्री कारकून, पण कंपनीच्या गाड्यांची देखभाल माझ्या गळ्यात. कंपनीचे चार ट्रक. ते चारही ब्रेकच्या कामाला वाटूर फाट्याला तिच्याकडे जात. खरं सांगायचं तर तिचं दुकान आमच्या ट्रकांवरच चालत होतं. फाट्यावर बाकी तीन दुकानं होती आणि तिथे तासाभरात गाडी मिळायची. हिच्याकडे दिवस मोडायचा. घाई केली की म्हणायची, "जल्दी असंल तर त्याच्याकडं जा. तो जल्दी करतो. तुमची गाडी बी मंग जल्दीच करंल काहीतरी."

नाकावर माशी बसू द्यायची नाही. अशी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. आपल्याला तिचा राग येतो, आणि काम मात्र तिच्याकडेच घेऊन जातो.

तर आमच्या धाकट्या शेठनी एक गाडी आणली. लाल, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, वर टप नाही. जालन्यात तशी दुसरी नव्हती. मामा चौकातून गेली की लोक दुकानाबाहेर येऊन उभे राहत. शेठचं वय सव्वीस, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांचं लग्न ठरलं होतं, आणि साखरपुड्याला पिंपळगाव रेणुकाईला याच गाडीतून जायचं, हे गाडी घेतानाच ठरलेलं.

पण गाडीत एक खोड होती. ब्रेक हळू दाबला तर शहाण्यासारखी थांबायची. जोरात दाबला की डावीकडे ओढायची. थोडीथोडकी नाही, एकदा रस्ता सोडून निंबाच्या झाडाला विचारून आली. जालन्यातल्या मिस्त्रींनी डावं चाक तीनदा खोललं. टायर बदलले, ब्रेकचे पॅड बदलले. फरक पडला नाही. साखरपुड्याला दोन दिवस राहिले तेव्हा मीच म्हणालो, वाटूरला दाखवू.

शेठ स्वतः घेऊन आले. मी मागून कंपनीच्या जीपने. फाट्यावरची अर्धी माणसं गोळा झाली. मिस्त्रीणबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शेठच्या शेजारी जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे काय, त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. नवरा बाजेवरून ओरडला, "लुगडं सांभाळ!" सगळे हसले. ती नाही हसली.

"हात सोडा."

शेठनी सोडले. गाडी कर्रकन डावीकडे गेली आणि मातीत थांबली. पंधरा पावलं. ती उतरली, आणि तिने जे केलं ते जालन्यात कुणीच केलं नव्हतं. आधी डाव्या चाकाजवळ हाताची मागची बाजू धरली, मग उजव्या.

"डावं तापलंय. उजवं थंड हाय," ती म्हणाली. "डावीकडं वढून राह्यली म्हणून तुमी डावं खोलून बसले. डावं बिचारं काम करून राह्यलंय. काम करतंय म्हणून वढतंय. जे काम करत न्हाई ते उजवं. त्याला कोणी हात बी लावला न्हाई."

तिने उजव्या चाकाचा रबरी पाइप बोटांनी चाचपला. तो वरून नवा कोरा दिसत होता. आतून फुगलाय, ती म्हणाली, जोरात दाबलं की ऑइल पुढे जात नाही. नवा लागेल. या गाडीचा पाइप जालन्यात मिळणार नव्हता, औरंगाबादेत नव्हता, कारखान्यातून मागवायचा तर आठ दिवस.

"आठ दिवस?" शेठ म्हणाले. "परवा साखरपुडा आहे बाई. तोपर्यंत डावा ब्रेक ढिला करून द्या. दोन्ही सारखे झाले की सरळ जाईल."

"जाईल. पण मी करणार न्हाई."

"का?"

"एक पाय आधू हाय म्हणून दुसरा बी मोडायचा का? आत्ता एका डाव्यावर का होईना, थांबत तरी हाय. हळू चालवा, न्हाईतर दुसऱ्या गाडीनं जा. साखरपुडा माणसाचा हाय का गाडीचा?"

भोवतालची माणसं पुन्हा हसली. या वेळी शेठवर. तिथेच बिनसलं. शेठ माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "उद्यापासून आपले ट्रक इथे येणार नाहीत. सांगा यांना."

ती दोन हातांवर उभी होती, तरी मला सांगायला लावलं. आणि मी सांगितलं. मला आजही ते वाक्य आठवतं, कारण ते बोलताना मी तिच्याकडे न बघता विटेकडे बघत होतो. चार ट्रक गेले म्हणजे तिच्या दुकानाची फळी लागल्यात जमा. नवरा बाजेवर उठून बसला. "अगं कर की ढिला," तो म्हणाला, "मी सांगतो."

"तुमी झोपा," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "ट्रक न्या भाऊ. दोन नंबरच्या ट्रकचं मागचं लायनर संपत आलंय, तेवढं ज्याच्याकडं न्याल त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी जालन्यातल्या एका मिस्त्रीने अर्ध्या तासात काम केलं. डाव्या पाइपाला चिमटा बसवला. दोन्ही बाजू सारख्या अशक्त झाल्या, आणि गाडी बाणासारखी सरळ थांबू लागली. मी स्वतः शेजारी बसून बघितलं. हात सोडले, सरळ! मी कागदावर 'ठीक' लिहून सही केली. पावलं मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं तिची परीक्षा बघत होतो, पण मला त्यातली अर्धीच दिसली होती. हात सोडण्यात तमाशा होता ना, मोजण्यात काय बघायचं?

शेठना राहवेना. त्याच संध्याकाळी गाडी वाटूर फाट्याला नेली, निव्वळ तिला दाखवायला. मला बरोबर घेतलं. चाळीसच्याच काट्यावर आणून तिच्याच विटेपाशी ब्रेक दाबला, दोन्ही हात वर. गाडी तसूभरही डावीकडे गेली नाही. फाट्यावर टाळ्या पडल्या. शेठ चष्मा काढून म्हणाले, "काय बाई?"

ती दुकानातून बाहेर आली. हात पुसत विटेपाशी गेली आणि पावलं टाकू लागली. नऊ, दहा, अकरा. टाळ्या थांबल्या होत्या. पंधरा. वीस. ती चोवीसला गाडीपाशी पोचली.

"सरळ जाती," ती म्हणाली. "थांबत न्हाई."

"सरळ जायला पाहिजे होती, जाते. चला," शेठ म्हणाले.

तेव्हा ती गाडीपुढे येऊन उभी राहिली. भर रस्त्यात, एवढीशी बाई, हात कमरेवर. "ही गाडी मी जाऊ देत न्हाई. चिमटा काढा, मंग जा."

मागे ट्रक लागले. हॉर्न वाजू लागले. "तुमची नाही गाडी!" शेठ ओरडले.

"गाडी तुमची हाय. रस्ता सगळ्यांचा हाय. पुढं कोण येईल ते काय तुमाला विचारून येणार हाय का?"

"बाजूला व्हा, बाई," हे कोण म्हणालं? मी म्हणालो. नोकरी होती, दोन पोरं होती, जी काय कारणं सांगायची असतात ती सगळी होती. तिने माझ्याकडे बघितलं. हलली नाही. शेवटी शेठनी गाडी मागे घेतली, मातीतून वळवली आणि तिच्या बाजूने धुरळा उडवत नेली. मी आरशात बघितलं. ती अजून तिथेच उभी होती.

साखरपुड्याच्या दिवशी भोकरदनच्या पुढे, सकाळी दहाच्या सुमाराला, एका शेतातून कापसाची ट्रॉली रस्त्यावर आली. मी शेठच्या शेजारी बसलो होतो, मांडीवर पेढ्यांचा डबा. शेठनी ब्रेकवर पाय मारला. गाडी सरळ गेली. इतकी सरळ, की झाडाकडेही गेली नाही, मातीतही उतरली नाही, थेट ट्रॉलीच्या मागे जाऊन घुसली. शेठचं खांद्याजवळचं हाड मोडलं, माझे समोरचे दोन दात गेले. कापसावर एक मजूर बाई बसलेली होती, ती खाली पडली. पाय मोडला तिचा.

पेढे आणि कापूस रस्ताभर झाला होता. त्यात बसून मी चोवीस आठवत होतो.

तोंडाला पट्टी बांधून मी वाटूरला गेलो ते चार दिवसांनी. तिला कळलेलं होतं. मी मनाची तयारी करून गेलो होतो की चार शब्द ऐकायचे, मान खाली घालायची. तिने विचारलं, "ट्रॉलीवर बसल्याली कशी हाय?"

मला माहीत नव्हतं. दवाखान्यात पोचवली, एवढंच माहीत होतं.

"मंग इथं कशाला आला? आधी तिकडं जा."

पुढचं थोडक्यात सांगतो. नवा पाइप आला. गाडीचा पत्रा सरळ होऊन आला. शेठ गळ्यात हात बांधून तिच्या दुकानात आले आणि म्हणाले, ट्रक परत पाठवतो. त्यांना वाटलं असावं, बाई खूश होईल. ती म्हणाली, "मला ट्रक नकोत. त्या बाईच्या घरी जाऊन आले का तुमी? स्वतः? न्हाई ना. ती चालाया लागंपर्यंत तिचं घर कोण बघंल? ते बघा. ती चालली की मला सांगा, मंग ट्रक घेते." फाट्यावरच्या सगळ्यांना वाटलं, ही वेडी आहे. दोन महिने तिने लोकांच्या सायकलींचे ब्रेक लावून दिले, पण ट्रकला हात लावला नाही. शेठ धावड्याजवळ त्या मजूर बाईच्या वस्तीवर गेले. आधी मला पाठवून बघितलं, पण मिस्त्रीणबाईंनी 'शेठलाच पाठवा' म्हणून मला परत पाठवलं. मग गेले.

ती मजूर बाई चालू लागली, तेव्हा लाल गाडी पुन्हा सरळ रस्त्यावर आली. मिस्त्रीणबाई शेजारी बसली. जुना पाइप तिने आधीच ब्लेडने उभा चिरून शेठच्या हातात दिला होता. आतलं भोक सुई जाईल एवढंही उरलं नव्हतं. आता चाळीसचा काटा होता, वीट जवळ येत होती, आणि शेठचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी कडेला उभा राहून बघत होतो. एकदा वीट गेली. दुसऱ्यांदा गेली. गाडी माझ्या समोर वळताना मला तिचा आवाज ऐकू आला, "मी बसले न्हाई का शेजारी? माझं काम हाय हे. लागलं तर आधी मला लागंल. सोडा."

तिसऱ्यांदा सोडले. अकरा पावलं. शेठ खाली उतरले आणि तिच्या मागोमाग स्वतः मोजत आले. त्या दिवसापासून कंपनीत गाडीच्या कागदावर माझी सही बंद झाली. 'मिस्त्री' या शब्दापुढे तिचं नाव येऊ लागलं. तिला सही येत होती, आणि ती ठळक करायची.

लाल गाडी पुढे विकली गेली. शेठ जाड झाले, काळा चष्मा जाऊन जाड भिंगाचा आला. मी नोकरी संपवली. मिस्त्रीणबाई मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत लायनर ठोकत होत्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दोन दिवसांत गेल्या.

जालन्याच्या दवाखान्यातून न्यायचं होतं त्यांना वाटूरला. कंपनीची पिकअप येणार होती, तिची आम्ही आवारात उभे राहून वाट बघत होतो. एक तास झाला. नातेवाईक चिडले. माणूस मेलं तरी मोठ्या लोकांना वेळ नाही, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. बाजेवरचा नवरा त्या दिवशी खुर्चीत होता, भिंतीला टेकून.

पिकअप आली. चालवत धाकटे शेठच होते. कपड्यांना धूळ, बुटाला माती. सगळ्यांनी रागाने बघितलं, पण ते सरळ म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी गेले.

"माफ करा बाबा. उशीर झाला. रस्त्यावर हात सोडून बघत होतो."

म्हाताऱ्याने मान वर केली. "मोजली का?"

"मोजली. अकरा."

"मंग न्या तिला," तो म्हणाला.