सुनीताची डावी भुवई

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. कदाचित तुम्ही घाटंजीचे नाही म्हणून.

माझं पार्लर बाजाराच्या रस्त्यावर, नवऱ्याच्या गॅरेजला लागून. बोंडअळी आली त्या वर्षी कापूस बोंडातच सडला आणि माझी खुर्ची रिकामी पडली. साधी आयब्रो करायलाही कुणी येईना. आणि मी तर नुकतीच नागपूरहून दोन दिवसांचा कोर्स करून आले होते — बारीक ब्लेडनं कातडीत केसांसारख्या रेघा ओढायच्या, त्यात रंग भरायचा, वर्ष-दीड वर्ष भुवई टिकते. दारावर हे मोठं पोस्टर लावलं. दोन महिने त्या पोस्टरकडे मीच बघत बसायचे. 

मग जवळच्या तांड्यावरून सुनीता आली, आईसोबत. एकोणीस-वीस वर्षांची. लहानपणी चुलीवर पडली होती, डावी भुवई अर्धी जळालेली. दोन स्थळं त्यावरूनच परत गेली होती.

"पोरीले पाहाले येऊन राह्यले, ताई," आई म्हणाली. "पंधरा दिवस आहेत. तेवढी भिवई भरून द्या."

 सुनीतानं आरशात बघून बोटानं नुसती अर्धी भुवई पुरी करून पाहिली.

कोर्सच्या मॅडमनी एक गोष्ट घोकून घेतली होती — गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी सगळं सांगायचं. आई तेवढ्यात बाजारात गेली होती; मी सुनीताला सांगितलं. पहिले चार दिवस काजळ फासल्यासारखी काळी दिसेल, घाबरू नको. मग खपली धरेल, ती नखानं काढू नको. मग रंग फिका वाटेल, महिन्याभरानं पुन्हा एकदा हात फिरवू. सगळं सांगितलं. एक सोडून.

दहा दिवस घाम नाही, धूळ नाही — म्हणजे शेत नाही. हे नाही सांगितलं. वेचणी सुरू होती. अळीतून वाचलेला कापूस घरात आणायची घाई. तांड्यावरच्या कुठल्या घरानं हाताशी आलेली पोरगी दहा दिवस बसवून ठेवली असती? आई परत आली असती आणि हे ऐकून तिला खुर्चीतून उठवून घेऊन गेली असती. विसरले नव्हते मी. गप्प बसले.

आठव्या दिवशी आई तिला ओढतच घेऊन आली. भुवई सुजून डोळ्यावर आलेली, पू धरलेला, खपलीत कापसाचे तंतू चिकटलेले. बाकावर दोन बायका होत्या, कित्येक दिवसांनी आलेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शेतात जायचं नाही म्हणून बजावलं होतं ना तुला?"

इतकं सहज. आईनं तिथंच तिच्या थोबाडीत मारली. सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. "नव्हतं सांगितलं" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? ती म्हणाली नाही. मोठ्या बाईला खोटं कसं पाडायचं, असं वाटलं असेल? की स्वतःच्याच कानांवरचा विश्वास उडाला? — मला आजही कळलेलं नाही.

दवाखान्यात नेल्यावर जखम भरली. होते ते केसही गेले, तिथं चकचकीत व्रण राहिला. पाहुण्यांना आधीच खबर लागली होती. ते आलेच नाहीत.

पुढच्या हंगामात तिची आई पुन्हा आली, भाचीला घेऊन. ताईनं सांगितलं होतं, आमचीच पोरगी ऐकत नाही — असं ती तांडाभर सांगत होती म्हणे. सुनीताही सोबत होती, ओढणी पार डोळ्यांपर्यंत ओढून बाकावर बसलेली. या वेळी मी भाचीपासून काही म्हणजे काही लपवलं नाही. दहा दिवस घाम नाही, धूळ नाही, शेत नाही. सुनीतानं मान वर केली. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"पाह्यलं? तुलेई हेच सांगतलं होतं," आई तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सांगतलं होतं ना, ताई?"

सुनीता माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी हो म्हणाले.