तेव्हा खरंच महाग होतं का?

इंग्लंडमध्ये राहायला लागल्यापासून आम्ही उन्हाळ्यात एकदा फ्रान्सला जातो. यंदा तिथल्या एका गावातल्या दुकानात एक इंग्रज आजीबाई चीजचा डबा हातात धरून उभ्या होत्या. मी मुलीशी इंग्रजीत बोलतेय हे ऐकून त्यांनी विचारलं, "याचे पौंडात किती होतील हो?"

मी हिशेब करून सांगितलं. त्या गोंधळल्या.

"म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा स्वस्तच की. आम्ही दरवर्षी इथे यायचो. मला हे चीज फार आवडायचं, पण भाव बघून नवरा म्हणायचा, महाग आहे, ठेव परत. मी ठेवायचे. या वर्षी एकटीच आलेय." मग हळूच म्हणाल्या, "तेव्हा खरंच महाग होतं का?"

भाव बदलले असतील, नवऱ्याचा हिशेब चुकत असेल, किंवा हात तंग असेल आणि ते बायकोला सांगवत नसेल. मीही कितीतरी गोष्टी नुसत्या कुणाच्या शब्दावर परत ठेवल्या आहेत. त्यातल्या खरोखर महाग कोणत्या होत्या, ते आता कुणाला विचारणार?

"तेव्हाचं मला नाही माहीत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. डबा फळीवर परत ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही.