खोलीचं तापमान सत्तावीस

आमच्या हायर सेकंडरीत गोकुळदास सर रसायन शिकवतात आणि मी, सुविधा, त्यांच्या प्रयोगशाळेतली मदतनीस. अठरा वर्षं त्यांची एकच तक्रार ऐकून माझे कान किटलेत: मुलं सूत्रात अंश तसेच घालतात, केल्विन करायला दोनशे त्र्याहत्तर मिळवत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणतात. पेडण्याच्या बसस्टँडवर कंडक्टरने चाळीस रुपये मागितले तरी सर आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवतील.

प्रयोग सोपा. कागदावरच्या फुलीवर पेला ठेवायचा, त्यात हायपोचं द्रावण आणि आम्ल ओतायचं. मिश्रण गढुळतं, फुली दिसेनाशी होते, तो वेळ मोजायचा. मग तेच तापवून चाळीस, पन्नास, साठ अंशांना. उष्णतेबरोबर वेग वाढतो, आणि गणित करून आलेख काढला की सगळे बिंदू एका रेषेत बसले पाहिजेत.

बारावीतल्या सेजलचा पहिलाच बिंदू बसेना. न तापवलेल्या द्रावणात तिची फुली फार लवकर जायची. सोमवारी बोर्डाचं प्रॅक्टिकल, जर्नलवर सही नसेल तर बसायला मिळत नाही, आणि सर सही देईनात. डोळे तपासून घे म्हणाले. तीनदा करायला लावलं, तिन्ही वेळा तेच. बाकीच्या मुली खुणावत होत्या की रेषा मागे ओढ आणि त्यावरून वेळ लिही. त्यांनी तेच केलं होतं. ही मात्र हट्टी. मला तिचाही राग आला, कारण पेले मीच धूत होते.

शेवटी वैतागून मी थर्मामीटर तिच्या न तापवलेल्या द्रावणाच्या बाटलीत बुडवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! तेहतीस निघाले. फेब्रुवारीची दुपार, वर पत्रे, दुसरं काय होणार? पण सगळ्यांच्या जर्नलात खोलीचं तापमान सत्तावीस, कारण मिळवल्यावर बरोबर तीनशे होतात. सरांनीच तसं छापून दिलेलं. तापवलेल्या द्रावणात थर्मामीटर असतोच, न तापवलेल्यात तो घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

सेजलने तेहतीस धरून पुन्हा गणित केलं. बिंदू रेषेवर आला.

सरांनी सही केली. मग बाकीच्या जर्नलांचा गठ्ठा उघडला. सगळीकडे सत्तावीस, सगळ्या रेषा सरळ, सगळ्यांना दहापैकी दहा. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ते खाली बसले.

“दोन वर्सांआदी विशालचो बिंदू असोच वर गेल्लो,” ते म्हणाले. “मियां तेका सगळ्यांफुडे लबाड म्हटलंय. तेणा सायन्सच सोडल्यान.”