नानांच्या सत्तावीस मोळ्या

१९९७ साली होळीच्या संध्याकाळी, सुरतजवळच्या भेस्तानमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मी माझ्या वडिलांची सत्तावीस मोळ्या लाकडं जाळली. वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर लाकडं वाचली असती आणि बहुधा माझंच काही खरं नव्हतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. पारोळ्याकडून ते तरुणपणी सुरतेला आले आणि तीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. कारखान्याच्या सुटीच्या दिवशी ते कुऱ्हाड खांद्यावर टाकून खाडीकाठी जात. तिथे गांडो बावळ माजलेला असे. (गुजरातेत वेड्या बाभळीला हे नाव आहे. तिला तोडायला जाणाऱ्या माणसाला आमच्या घरात वेगळं नाव नव्हतं.) ते काटे झोडून काढत, साल सोलत, सगळे तुकडे सव्वा हाताचे करत. मागावरून आणलेल्या साडीच्या किनारीच्या पट्ट्यांनी मोळ्या बांधत. गाठ मारत ती तुटलेला धागा जोडायची, विणकराची. ती लहान असते, चपटी असते आणि ओढली की आणखी घट्ट होते. मग मोळ्या मागच्या वाड्यात, म्हणजे परसात, भिंतीशी रचून ठेवत आणि दोन उन्हाळे त्यांना हात लावू देत नसत. धाग्याच्या धुळीने त्यांची छाती गेली होती. ओल्या लाकडाचा धूर त्यांना अजिबात चालत नसे.

घरी गॅस होता. तो मी आणला होता आणि त्याचा मला अभिमान होता. नानांनी त्याचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन निघाले. संध्याकाळी ते पालथ्या बादलीवर बसून, चहाचा पेला हातात धरून, त्या रचलेल्या मोळ्यांकडे बघत राहायचे. एकदा मी विचारलं, पिक्चर चालू आहे का? नाना शांतपणे म्हणाले, "सूत शेठचं. माग शेठचा. कापड कोणाच्या अंगावर जातं, मला माहीत नाही. हे मी तोडलं, मी वाळवलं, मी रचलं."

मी हसलो होतो. याची नोंद इथे करून ठेवतो.

नाना पौषात गेले. त्यानंतर माय दोन-अडीच महिन्यांसाठी मामाकडे गावी गेली. जाताना तिने मला तीन गोष्टी सांगितल्या: तुळशीला पाणी घाल, मागचं दार लाव, दूध नासवू नकोस. लाकडांबद्दल ती काही बोलली नव्हती. घर विकू नकोस, असंही बोलली नव्हती.

होळीच्या दिवशी गल्लीतले चारपाच जण लाकडं मागायला आले. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. गल्लीत माझ्याकडे जरा आदराने बघत आणि मला ते आवडत असे. मी मागचं दार उघडलं आणि म्हणालो, सगळं घेऊन जा. आता गॅस आहे. त्यांनी मोळ्यांच्या पट्ट्या तशाच सरकवून काढल्या, कारण कृत्रिम धागा जळला की घाण वास सुटतो. पट्ट्या त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवल्या. संध्याकाळी भोंग्यावरून जाहीर झालं, "प्रकाशभाई तरफथी आखी थप्पी!" प्रकाश म्हणजे मी; अख्खी रास माझ्याकडून. पहिला नारळ माझ्या हातात दिला गेला. मी पाच प्रदक्षिणा घातल्या. लाकूड फार सुरेख जळलं. धूर असा नव्हताच. बाजूचे लोक म्हणाले, काय वाळलंय. मी मान डोलावली, जणू मीच ते वाळवलं होतं.

माय परतली ती आखाजीच्या पाच दिवस आधी. आमच्या खानदेशात अक्षयतृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, खापरावर पुरणाचे मांडे करायचे आणि निखाऱ्यांवर तुपाचा नि मांड्याचा घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. आगारीने पेट घेतला की माणूस जेवला. नानांची ही पहिली घागर होती.

भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरमधून माय उतरली ती नवं खापर पोटाशी धरून. मातीचं पालथं भांडं, केवढं तरी मोठं. आठ तास ते मांडीवर घेऊन ती बसली होती आणि रिक्षातही माझ्या हातात द्यायला तयार नव्हती. उधना ओलांडल्यावर ती म्हणाली की नानांनी दवाखान्यात तिला एक गोष्ट सांगितली होती.

"म्हणाले, माझ्या घागरीचे मांडे माझ्याच लाकडावर कर. ओलं लावू नको. तिथे गेल्यावर तरी मला खोकायला लावू नको."

आणि ती हसली. पौषानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

रिक्षा भेस्तानला पोचायला अजून दहा मिनिटं होती. खरं सांगायला ती पुरेशी होती. मी सांगितलं की लाकडं भिकाआप्पांकडे ठेवली आहेत. पावसात भिजायला नकोत म्हणून.

मायने रिक्षातून बाहेर वाकून आभाळ पाहिलं. चैत्राच्या शेवटाचं ऊन होतं.

"पावसात?"

"अवकाळी पडेल म्हणतात," मी म्हणालो.

भिकाआप्पा नानांचे मागावरचे जोडीदार. शेजारच्या गल्लीत राहत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते तंबाखू मळायला लागले. मग त्यांनी विचारलं, की आपण आज तोडलेला गांडो बावळ कधी जळतो हे मला माहीत आहे का. मी म्हणालो, चार दिवसांत. ते म्हणाले, पुढच्या आखाजीला. पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. वखारीतलं लाकूड आणलं तर ते फाडलेलं, जाड, कुणाचंही. माय बघताक्षणी ओळखणार. निदान गांडो बावळ तरी हवा.

ऑफिसात माझी पाळी दुपारची होती. रोज सकाळी मायला कामाचं काहीतरी निमित्त सांगून मी आप्पांकडे जायचो, नानांची कुऱ्हाड (ती मी आधीच तिकडे हलवली होती) घ्यायचो आणि खाडीवर जायचो. पहिल्या दिवशी काटा चपलेतून आरपार टाचेत गेला. त्या दिवशीचं उत्पादन: सात काटक्या. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले आणि फुटले. पण एक आडवी फांदी चौथ्या घावाला, मी ठरवलं होतं तिथेच, कट्कन तुटली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग साल सोलली. खालचं लाकूड पिवळसर, ओलं, गार होतं. मी तिच्यावरून हात फिरवत किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

तिसऱ्या दिवशी मी खाडीवर वेळेच्या आधी गेलो. मला कोणी पाठवल्यासारखं वाटत नव्हतं. तोडलेलं मी आप्पांच्या अंगणात लांबीप्रमाणे रचलं, दोन पावलं मागे सरलो, पुन्हा पुढे जाऊन एक काठी सरळ केली. आप्पांनी एक बादली आणून पालथी घातली. मी बसलो. त्यांच्या बायकोने चहा आणून दिला. पेला हातात घेऊन त्या लाकडांकडे बघताना माझ्या लक्षात आलं की मी काय करतो आहे. चहा तसाच राहिला.

चौथ्या दिवशी कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

घाव फांदीवर बसायचा तो फांदीखालच्या दगडावर बसला. दांडा बाभळीचा, नानांनी स्वतः तोडून, तासून, बसवलेला. मुठीच्या जागी तो त्यांच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झाला होता. तो पात्याजवळून तुटला. मी दोन्ही तुकडे गोणीत घातले. घरी आल्यावर पातं माळ्यावर लपवलं आणि दांडा खाटेखाली. (एकाच ठिकाणी सापडले तर गुन्हा सिद्ध होतो, असा माझा समज होता.) उरलेली लाकडं आप्पांच्या कोयत्याने तोडली.

आता वाळवणं. काठ्या पत्र्यावर टाकल्या. पंख्याखाली ठेवल्या. शेवटी आप्पांच्या गॅसवर, मंद आचेवर, चारचार शेकल्या. गॅस वापरायला लागू नये म्हणून लाकडं गॅसवर वाळवणारा भेस्तानमधला मी पहिलाच असेन, असं आप्पांची बायको म्हणाली.

नानांच्या गाठी मला बांधता येत नव्हत्या. पण खिळ्यावरच्या पट्ट्या शाबूत होत्या, गाठींसकट. मी त्या तशाच ठेवून एकेका वेढ्यात काठ्या सरकवल्या, घट्ट बसेपर्यंत. सहा मोळ्या झाल्या. बाकीच्या आप्पांकडेच आहेत, असं मायला सांगायचं ठरलं. आखाजीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि संध्याकाळी आप्पा आणि मी त्या हातगाडीवरून घरी आणल्या. माय दारात आली. तिने एका मोळीची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. मी आप्पांकडे पाहिलं, आप्पा हातगाडीच्या चाकाकडे बघत होते.

आखाजीला सकाळी तिने घागर भरली, डांगर ठेवलं, वाड्यात तीन विटांची चूल मांडली, खापर चढवलं. मी काडी ओढली. दहा मिनिटांनी वाड्यात आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. काठ्यांच्या टोकांतून फेस येत होता. खापर कोमट. मायने दोन्ही हातांवर खेळवत मांडा पातळ केला, टाकला, तो चिकटला आणि फाटला. दुसरा टाकला, तोही फाटला. धूर भिंत ओलांडून गेला. शेजारच्या ललिताबेननी पापड वाळत घातले होते. त्या पलीकडून ओरडल्या, "प्रकाशभाई, शुं सळगाव्युं? मारा पापड काळा थई जशे!"

मी फुंकणीने फुंकत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पौषात ते आलं नव्हतं. तेव्हा मला गाडी ठरवायची होती, लोकांना कळवायचं होतं, ऑफिसात रजेचा अर्ज द्यायचा होता. आता नुसता धूर होता, त्यामुळे कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

आमच्या घरात अहिराणी बोलत. मायचं बोलणं इथे मी मराठीत देतो आहे.

"गाठी तुझ्या बापाच्या आहेत," ती म्हणाली. "लाकूड तुझं आहे."

मी सगळं सांगितलं. होळी, भोंगा, नारळ. तिने पुरणाचे हात तसेच वर धरून ऐकलं.

"प्रदक्षिणा किती घातल्यास?"

"पाच."

"म्हणजे थोडंफार पोचलं असेल." मग काठ्यांकडे पाहून, "साल चांगली काढलीस. आता या बारीक करून दे. कुऱ्हाड आण."

मी कुऱ्हाड दोन फेऱ्यांत आणली.

मायने पात्याकडे पाहिलं नाही. दांडा घेतला. जिथे तो काळा आणि गुळगुळीत होता तिथे तिने दोन्ही हात ठेवले, एकाखाली एक, नाना धरत तसे. हाताचं पुरण त्याला लागलं. ललिताबेन भिंतीवरून डोकावल्या आणि खाली गेल्या.

"हे त्यांनी तोडलेलं आहे," माय म्हणाली.

मी म्हणालो की नवा दांडा घालता येईल, याला पट्टी मारता येईल, हा राहू दे, हा तरी राहू दे. बरंच काही म्हणालो. तिने दांडा मोडलेल्या बाजूने चुलीत सारला. ती जे बोलली ते तेवढं अहिराणीत देतो.

"ऱ्हाऊ दे. आते फुक."

मी फुंकलं. दांड्याने लगेच पेट घेतला. बारा वर्षं वाळलेलं लाकूड होतं, त्याला धूर नव्हता. त्याच्या आधाराने माझ्या काठ्याही थोड्या पेटल्या. खापर तापलं. तीन मांडे निघाले. त्यातला एक अखंड होता. मुठीकडचा भाग सगळ्यात शेवटी जळला, तोवर माय पुढचा मांडा न करता बसून होती. त्याचे निखारे मी एका मातीच्या ताटलीत घेतले, घागरीपुढे ठेवले, वर मांड्याचा घास आणि तूप घातलं. आगारीने पहिल्या खेपेला पेट घेतला.

माझ्या पाच मोळ्या उरल्या होत्या. त्या पुढच्या आखाजीला जाळल्या. धूर झाला नाही.

कुऱ्हाडीला मी नवा दांडा घातला, बाभळीचाच, स्वतः तोडून आणि तासून. त्यातून पातं आजवर तीनदा निसटलं आहे. तिसऱ्या वेळी ते ललिताबेनच्या वाड्यात पडलं. जखमी कोणी नाही.