परभणीला माझा आवाज ऐकू येत नव्हता

माझा आवाज मोठा आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाद नको. चारठाण्याला माहेरी असताना मी अंगणातून म्हशीला हाक मारली की तिकडं बोरीच्या म्हशी माना वर करायच्या, असं माझे वडील सांगत. चारठाणा ते बोरी अंतर किती ते तुम्ही नकाशात बघा. मी माझ्या वडलांना खोटं पाडणार नाही.

बुद्धिबळ मला वडलांनीच शिकवलं. आमच्याकडच्या एका जुन्या देवळाच्या दगडी ओट्यावर कुणी तरी कधी काळी पट कोरून ठेवला होता. त्यावर चिंचोके, काचेच्या गोट्या, बाटलीची बुचं असं सगळं लष्कर मांडून आम्ही बापलेक बसायचो. लग्नाला आले तोवर मी अर्धं चारठाणा हरवलं होतं. उरलेल्या अर्ध्याचे गुडघे अचानक दुखायला लागले होते, त्यांना ओट्यावर चढवेना.

लग्न होऊन बोरीला आले. सासर लिंगायत वाण्याचं, पेठेत अडत दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधल्या दारावर पडदा. दुकानात हँडल फिरवायचा काळा फोन होता आणि फोनशेजारी गादीवर माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि आवाज मात्र कापसाचा. गिऱ्हाइकाला ते ज्वारीचा भाव सांगायला लागले की गिऱ्हाईक ऐकता ऐकता अर्धं गादीवर चढायचं. मामंजींनाही बुद्धिबळाचं वेड होतं. एकदा दुकान बंद करून ते आत एकटेच स्वतःशी डाव मांडून बसले होते. मी दारातून म्हणाले, “मामंजी, तुमचा उंट मरायलाय.” त्यांनी मागं वळून बघितलं नाही, पण उंट उचलला. त्या दिवसापासून आमचा रोज एक डाव होऊ लागला. सुनेशी खेळतो असं ते पेठेत कधी बोलले नाहीत. हरतो असं तर नाहीच.

तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून आज मोर्चा, उद्या बंद असं चाललेलं. एसटी निघेल की नाही याचा भरवसा नव्हता. खेड्यातले खेळाडू शहरात पोचेनात, म्हणून परभणीच्या एका बुद्धिबळ मंडळानं फोनवरच स्पर्धा ठेवली. एका गावाचा एक खेळाडू, समोर मंडळाचा. संध्याकाळी ठरल्या वेळी ट्रंक कॉल लावायचा, आपली खेळी सांगायची, त्यांची ऐकायची, बाकी उद्या. नियम दोनच. खेळाडूनं स्वतः बोलायचं, आणि तीनदा बोलणं झालं नाही तर गाव बाद. मामंजींनी आपलं नाव नोंदवलं.

पहिल्या संध्याकाळी जिंतूरच्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाईनं लाईन जोडली. “बोला बोरी, परभणी हाय तिकडं.” मामंजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, “राजापुढचं प्यादं, दोन घरं.”

“हॅलो? बोरी? कुणी आहे का?” मंडळाचे सेक्रेटरी विचारू लागले.

मामंजींनी परत सांगितलं. पडद्याआड मला ऐकू येईना, तर परभणीला काय येणार! हॅलो हॅलोमध्ये तीन मिनिटं संपली आणि आमची एक पाळी वाया गेली.

दुसऱ्या संध्याकाळी परत तेच सुरू झालं. मग मात्र मला राहवेना. मी पडदा सारून बाहेर आले आणि मामंजींच्या हातातून फोन घेतला. दुकानात दोन शेतकरी चहात खारी बुडवून बसले होते. एकाची खारी बशीत गळून पडली, पण तिच्याकडं कुणी बघेना. अडत्याची सून पेठेत उघड्यावर उभी! मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, “राजापुढचं प्यादं, दोन घरं!”

समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या दिवशी परत आली. मी फोन न धरता बोलले असते तरी परभणीजवळच्या पिंगळीच्या स्टेशनात गाडी थांबली असती.

“आलं, आलं ऐकू,” सेक्रेटरी म्हणाले. “कोण बोलतंय?”

“खेळाडू.”

“पण इथं तर पुरुषाचं नाव आहे.”

“ते काटा. मी त्यांची सून. माझं नाव लिहा.”

तिकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एकदम, “हॅलो? हॅलो? अहो, काहीच ऐकू येत नाही. लाईन खराब आहे.” आणि खट्.

आता मी भोळी बाई. लाईन खराब म्हणाले, तर मी खरं मानलं. एकच पाळी उरली होती. मामंजी म्हणाले, “सूनबाई, असं करू. आपल्या हमालाचा आवाज दणकट हाय. डाव तूच खेळ, आतून सांग, त्यो माझ्या नावानं बोलंल. गाव बाद व्हायला नको.”

“म्हंजी मामंजी, हमालाचा आवाज तारंतून जातो आन माझा जात न्हाई?”

“तसं न्हाई पोरी…”

“खेळी माझी हाय, नाव बी माझंच लागंल. न्हाई तर बोरी बाद झाली तरी चालंल. मी लाईन दुरुस्त करते.”

अख्खा मराठवाडा तेव्हा एका नावासाठी पेटला होता, माणसं जिवाला मुकत होती. त्यापुढं माझं भांडण म्हणजे ज्वारीच्या पोत्यातला एक दाणा. पण दाणा माझा होता.

सकाळीच मी फोनची पेटी उघडली. आत दोन जाडजूड सेल. एकाला पांढरी बुरशी आली होती. ते काढले, नवे आणवून बसवले. मग दुकानाच्या मागं जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई. उन्हाळ्यानं माती इतकी भेगाळली होती की सळई बिचारी हवेतच उभी. तिथं मी मिठाचं पाणी ओतलं. एक घागर पिऊन तिनं ढेकर दिला, दुसरी मागितली. शेजारणी विचारू लागल्या, “काय गं, सळईला पालवी फुटायलीय का?” मी म्हणाले, “फुटली की तुमाला बी कलम देते.”

एवढ्यानं भागेना, म्हणून बोरं पाडायची आकडी घेऊन मी जिंतूरच्या रस्त्यानं तारेखालून निघाले. एके ठिकाणी बाभळीची फांदी तारेला टेकलेली, ती ओढून काढली. पुढं एक फाटका पतंग लोंबकळत होता, तो सोडवला. एका खांबावर साळुंकीनं संसार थाटला होता. तिला मी समजावून सांगितलं, तिनं मला दोन शिव्या दिल्या, आम्ही दोघी समजुतीनं वेगळ्या झालो. रस्त्यानं बैलगाड्या थांबायच्या. “अहो वैनी, काय पाडायल्या?” “परभणी!” मी सांगायचे. “पिकलीय, पडंना झालीय!” दुपारपर्यंत ही बातमी माझ्याआधी बोरीत पोचली.

घरी येऊन हँडल फिरवलं. जिंतूरची ऑपरेटर आली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून आमची जुनी ओळख. विचारलं, “ताई, आता कशी ऐकू यायलीय लाईन?”

“झक्कास की! वैनी, तुमच्या दुकानातल्या घड्याळाची टिकटिक बी ऐकायलेय मी.”

“आन परभणीपोतर?”

तिनं परभणीच्या एक्स्चेंजला जोडून दिलं. तिथलीही म्हणाली, खणखणीत. मी खुशीत फोन ठेवणार तोच जिंतूरवाली म्हणाली, “पण वैनी, काल संध्याकाळी बी अशीच व्हती. उगंच उन्हात हिंडलात.”

मी गादीच्या कडेला बसलेच. काल संध्याकाळी बी अशीच. म्हणजे त्यांना माझं प्यादं ऐकू आलं होतं. त्यांनी “आलं, आलं” म्हटलंही होतं. ऐकू यायचं बंद झालं ते मी सून आहे म्हणाल्यावर! मी दिवसभर बाभळी झोडपत फिरले आणि बिघाड परभणीच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला. मला राग आला. इतका, की कुणी माझ्यावर एक घागर ओतली असती तर वाफ निघाली असती.

मामंजींना सांगितलं. त्यांनी विभूतीवरून हात फिरवला. “मग आता?”

“आता काय न्हाई. आता त्यांचा कान दुरुस्त करायचा.”

संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेतकरी, हमाल, समोरचा शिंपी, ज्यांना घोडा कसा चालतो हे माहीत नाही तेही. मी या वेळी पडद्यामागून आलेच नाही. आधीपासून गादीजवळ उभी होते. लाईन लागली.

“राजापुढचं प्यादं, दोन घरं,” मी म्हणाले.

“हॅलो? हॅलो? ऐकू येत नाही.”

“राजापुढचं प्यादं!”

“काहीच कळत नाही हो. ही तुमची तिसरी वेळ, नियमानुसार बोरी…”

आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज खाली आणला. मामंजींच्याही खाली. शेजारी उभा असलेला हमाल कान टवकारून पुढं झुकला. मी फोनमध्ये कुजबुजले, “बरं साहेब, मग आमीच डाव सोडतो. तुमी जिंकलात असं लिहून टाका.”

“ठीक ठीक, लिहितो!” सेक्रेटरी लगेच म्हणाले.

 आधी हमाल हसला, मग सगळी पेठ. तारेतूनसुद्धा एक खुदकन आवाज आला. ऑपरेटरनं लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं असा नियम होता, आणि आमच्या ऑपरेटरइतकं मन लावून कुणी ऐकत नसे.

“साहेब,” मी आता माझ्या नेहमीच्या आवाजात, “हे बरं ऐकू आलं?”

“ते… मधेच लाईन सुधारली.”

“सुधारली? मग घ्या माझं प्यादं.”

“पण बाई, तुम्ही डाव सोडला. तुम्हीच म्हणालात.”

“कुजबुजलेलं ऐकू आलं म्हंता, तर वरडून सांगितलेलं बी आलंच असंल. लिहायचं तर दोनी लिहा, न्हाई तर एक बी लिहू नका.”

 तेवढ्यात ऑपरेटर मधे पडली. “परभणी, मी जिंतूरहून बोलायलेय. कालचं बी ऐकलंय आन आजचं बी. कुणी विचारलं तर सांगंन मी.”

तिकडं कागदाची फडफड झाली. खुर्ची सरकली. मग सेक्रेटरी पडक्या आवाजात म्हणाले, “नाव सांगा.”

मी सांगितलं. माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. त्यांनी लिहिता लिहिता ते तोंडातल्या तोंडात म्हटलं.

“ऐकू आलं न्हाई, साहेब.”

त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं.

“लाईन लय खराब हाय बघा.”

मग मात्र ते ओरडले. माझं पूर्ण नाव, परभणीच्या त्या मंडळाच्या खोलीत, सगळ्या पुरुष खेळाडूंच्या देखत. मागून कुणी तरी विचारलेलंही मला ऐकू आलं, “कोण बाई आहे ही?” इकडं बोरीच्या दुकानात माझं नाव फोनमधून बाहेर पडलं आणि माझ्या सासरच्या माणसांनीही ते पहिल्यांदाच आडनावासकट ऐकलं. तोवर मी नुसती अडत्याची सून होते.

“तीन मिनिटं झाली,” ऑपरेटर म्हणाली. “वाढवायची का, बोरी?”

मी मामंजींकडं बघितलं. सगळी पेठ बघत होती. ते गादीवरून उठले, फोनच्या तोंडाशी वाकले आणि म्हणाले, “वाढवा.”

तो शब्द परभणीला स्पष्ट ऐकू गेला.

पुढं तो डाव बरेच दिवस चालला. शेवटी मी त्यांचा राजा कोपऱ्यात गाठून मात केली, हे मी सांगते. सेक्रेटरी साहेब कुठं असतील आणि त्यांना काही वेगळं आठवत असेल, तर त्यांनी खुशाल सांगावं. फक्त जरा मोठ्यानं.