राणीच्या बाळाचं वजन

कोणतीही वस्तू हातात आली की आबा आधी ती तळहातावर तोलून पाहत. डोळे मिटून. मग ती राजाची तलवार असो की पानातली भाकरी. पटलं नाही तर मान हलवून म्हणत, ‘‘वजन नाय रं.’’

आमच्या नाटक कंपनीचं सगळं सामान त्यांच्या हातचं. कागदाचा लगदा, बांबू, खळ आणि रंग, एवढ्यावर त्यांनी आम्हांला राज्यंच्या राज्यं उभी करून दिली. पण इतर कंपन्यांत असे तसं पोकळ सामान त्यांना खपत नसे. गदेत ते नदीतले गोटे भरीत. आमचा राक्षस ती उचलताना खरोखर घामाघूम होई आणि लोक टाळ्या वाजवीत. एकदा राजा कुरकुरला, ‘‘आबा, मुकुटानं मान दुखते.’’

‘‘डोक्यावर राज्य हाय. दुखनारच,’’ आबा म्हणाले आणि पुन्हा रंग ढवळू लागले.

मी राणीची कामं करीत असे. माझी मिशी फार लवकर उगवे, म्हणून आबा मला चिडवायला ‘राणीसायब’ म्हणत. आमच्या एका नाटकात राणीचं तान्हं बाळ वनात दगावतं आणि ती त्याला मांडीवर घेऊन पद म्हणते. ते बाळ म्हणजे आबांनी शिवलेली कापडी बाहुली. तिच्यात ते आपल्या पोशीरच्या शेतातले तांदूळ भरीत आणि खेळ संपला की काढून ठेवीत, नाहीतर उंदीर सोडत नसत. ती हातात आली की मला सोंग करावंच लागत नसे. रडू आपसूक येई.

एका वर्षी कर्जतला मुक्काम पडला आणि आबांचं कशात लक्ष लागेना. त्यांची लेक बाळंतपणाला पोशीरला माहेरी आली होती. आधीची दोन मुलं तिच्या हाती लागली नव्हती. आबा घरी जाऊन आले, पण बायकोनं पिटाळलं, ‘‘बाप्यांचं हितं काय काम? तुमी जा तुमच्या राजाकडं.’’

खेळाच्या दिवशी दुपारी निरोप आला, लेकीला कळा लागल्यात. आबा मांडवामागं तांदळाचं सूप पुढ्यात घेऊन बसले. मांडीवर रिकामी बाहुली. दिवेलागण झाली तरी एक मूठही तिच्यात गेली नव्हती.

मालक ओरडत आले, ‘‘आबा, लोक बसलेत! बाळ कुठाय?’’

‘‘आज हात जात नाय, मालक.’’

आबांनी कामाला नाही म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आबा, मी उशी घेईन.’’ तोंडाला रंग फासलेला, अंगावर शालू, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

नांदी सुरू झाली आणि त्यांचा पुतण्या धापा टाकत आला. ‘‘काका, सुटली ताय! पोरगा हाय. दोगं बी झ्याक हायत!’’

आबा उठले ते वहाणाही न घालता चालू लागले. ‘‘अहो, कंदील तरी न्या!’’ म्हणत मालकच मागे धावले.

मी उशी मांडीवर घेऊन गायलो. रडू काही येईना. पण गळा असा मोकळा झाला होता की त्या शोकाच्या पदाला वन्समोअर मिळाला!

बारसं उरकून आबा परत आले. बाहुली भरली, तळहातावर तोलली, मान हलवली आणि आणखी दोन मुठी तांदूळ आत घातले.

‘‘वजन नाय रं. इतकं दिस कमीच भरीत व्हतो.’’

‘‘मग आधीचं माप कुणाचं, आबा?’’

‘‘तायच्या पयल्याचं,’’ ते म्हणाले. ‘‘तेवडंच ठाव व्हतं हातांना.’’ पण ते हसत होते. ‘‘घ्या, राणीसायब. आता बरोबर हाय.’’

पुढच्या हंगामाला आबा आलेच नाहीत. नातवाला सोडवत नाही, असा निरोप आला. नव्या माणसानं बाहुलीत पेंढा भरला. मी सवयीनं जोर लावून बाळ उचललं, ते थेट माझ्या डोक्यावर गेलं आणि मांडवभर हशा पिकला. मालक विंगेतून डोळे वटारत होते. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. खरं वजन तेव्हा पोशीरच्या बांधावर होतं, आबांच्या खांद्यावर बसलेलं.